सोबत कोण आहे?

फेब्रुवारी लागला की नाशिकच्या हातगाड्यांवरचे पेरू मागे सरकतात आणि द्राक्षं पुढे येतात. आधी येतात ती आंबटसर, घाईनं काढलेली, विकणाऱ्यालाही ज्यांची खात्री नसते अशी. मग आठ-दहा दिवसांनी पिवळसर झाक आलेले खरे घड दिसायला लागतात. सकाळी स्कूटरवर निघताना स्वेटर, स्कार्फ, हातमोजे असा सगळा सरंजाम लागतो आणि दुपारी तोच स्वेटर डिकीत कोंबावा लागतो. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी पेपरात रोज वाचून आम्ही शहरातली माणसं उगाचच थोडी जास्त कुडकुडतो.

यंदाही ते सगळं सुरू झालं. एका सकाळी सिग्नलला माझ्या पुढे एक ट्रॅक्टर उभा होता, मागे रिकाम्या क्रेटची उतरंड. सिग्नल सुटला, ट्रॅक्टर हलला आणि एका क्रेटमधून वाळलेली द्राक्षाची पानं उडून माझ्या मांडीवर पडली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मी मात्र तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात जाऊन पोहोचले होते. नाशिकचा प्रत्येक हंगाम मला आता त्या एका हंगामाची आठवण घेऊनच येतो.

मी मोबाइलची ॲप डिझाइन करते. पडद्यावर कोणतं बटण कुठे असावं, माणसाला आधी काय विचारावं, नंतर काय दाखवावं, हे ठरवण्याचं काम. आईला अजून वाटतं की मी कॉम्प्युटरवर चित्रं काढते. ते फारसं चूकही नाही. पुण्यातली नोकरी सोडून मी गावी परतले ती इम्रानमुळे. इम्रान माझा कॉलेजचा मित्र, जुन्या नाशिकातला. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि बारकाईनं काम करण्याची सवय त्याला तिथूनच लागली आहे. प्रोग्रॅम लिहायचा तो, डिझाइन करायचं मी. आमचं ॲप नाशिक जिल्ह्यात फिरायला येणाऱ्यांसाठी होतं. तुमच्या आवडी सांगा, किती वेळ आहे ते सांगा, ॲप तुमचा अख्खा दिवस आखून देणार. महिनाअखेरीस पुण्याच्या एका कंपनीला ते दाखवायचं होतं. त्यांना पसंत पडलं असतं तर पुढची दोन वर्षं आम्हाला निर्धास्त काम करता आलं असतं.

दिसायला ते ॲप फार देखणं होतं. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. उघडलं की धुक्यातला ब्रह्मगिरी दिसायचा आणि त्यावर पाच गोल उमलायचे: निसर्ग, इतिहास, अध्यात्म, साहस, खवय्येगिरी. त्यातले आवडीचे निवडायचे. त्या पाच गोलांवर मी अडीच महिने घालवले होते. कोणत्या गोलाला कोणता रंग, तो उमलायला किती वेळ घ्यावा, बोट लागल्यावर किंचित दबावा की चमकावा. इम्रान म्हणायचा, "मृणाल, यांच्यावर आता लग्नाची हळद लाव आणि सोड."

ॲप लोकांच्या हातात देऊन बघायचं, म्हणून आम्ही एका सकाळी गंगेवर गेलो. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. घाटावर ऊन नुकतं उतरत होतं, पाण्यावरून गार वाफ येत होती, कबुतरं एकदम उडून पुन्हा तिथंच बसत होती. एका चहाच्या टपरीजवळ दोन बायका पायऱ्यांवर पाय पसरून, ओले तळवे उन्हाला लावून बसल्या होत्या. एकीनं साडीवर मफलर गुंडाळला होता, दुसरीच्या मांडीवर मोठी कापडी पिशवी होती.

मी जाऊन म्हटलं, "मावशी, दोन मिनिटं वेळ आहे का? आम्ही एक ॲप बनवलंय, ते जरा बघाल का?"

"काही विकायलीस का?" मफलरवाल्या बाईंनी विचारलं.

"नाही नाही. फक्त बघायचं आणि काय वाटतं ते सांगायचं."

"मग बस. आधी तुझं नाव सांग, गाव सांग."

नाव, गाव, वडील काय करतात, लग्न झालं का, हे सगळं झालं तेव्हा कुठे त्यांची ओळख मिळाली. दोघी परभणीच्या, नणंद-भावजय. नणंद प्रमिलाताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. पिशवीवाल्या शोभाताई त्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. पुतण्याच्या लग्नाला आल्या होत्या. लग्न आटोपलं होतं आणि परतीचं रिझर्व्हेशन दोन दिवसांनंतरचं होतं.

मी फोन प्रमिलाताईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ब्रह्मगिरी दिसला, गोल उमलले. त्यांनी एकेक वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे काय विचारायलंय?"

"तुम्हाला काय आवडतं, ते."

"मला सगळंच आवडतं की. लेणी आवडते, देव आवडतो, डोंगर आवडतो, खायला तर आवडतंच. पण मला विचारून काय उपयोग?" त्यांनी डावा गुडघा दोन बोटांनी ठोकला. "याला विचार."

शोभाताई खळखळून हसल्या. मीही हसले. आणि वहीत लिहिलं: वयस्क वापरकर्ता, विनोदी प्रतिक्रिया. आता ते पान उघडलं की मला माझीच लाज वाटते. इतकं सरळ उत्तर मिळालं होतं आणि मी त्याला विनोदी म्हणून मोकळी झाले होते.

इम्रानला मात्र कल्पना सुचली. तो म्हणाला, "मावशी, उद्या तुम्ही मोकळ्याच आहात ना? मग ॲप सांगेल तसा दिवस आम्ही तुम्हाला फिरवतो. गाडी माझी. आम्हाला तेवढीच परीक्षा."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शोभाताई उठल्या, इम्रानची गाडी कुठे लावलीय ते विचारून तिच्याजवळ गेल्या आणि नंबरप्लेटचा फोटो काढून मुलाला पाठवला. मग आमचाही एक काढला. "राग मानू नका बरं," त्या म्हणाल्या, "पण पाठवून ठेवलेलं बरं असतंय." राग कसला? मीही रिक्षात बसताना हेच करते. फक्त माझ्या ॲपमध्ये त्यासाठी जागा ठेवावी, हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही निघालो. ॲपनं पहिलं ठिकाण काढलं होतं पांडवलेणी. हवा कोवळी, डोंगर सोनेरी, फोटो काढावा अशी वेळ. गाडी पायथ्याशी थांबली. प्रमिलाताई उतरल्या, त्यांनी मान वर करून पायऱ्यांची रांग बघितली, ती जिथं झाडांत वळते तिथपर्यंत. मग अगदी सहज म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी बसते."

"अहो ताई, हळूहळू जाऊ की," शोभाताई म्हणाल्या.

"हळू चढेन. उतरायचं कसं? तू जा. मी बघून घेते इथूनच."

आम्ही तिघं निघालो. शोभाताई थोड्या पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, खाली बघायच्या. खाली प्रमिलाताई एका दगडावर अवघडून टेकल्या होत्या आणि ऊन आलं तसा पदर डोक्यावर ओढत होत्या. निम्म्यात गेल्यावर शोभाताई थांबल्या. "झालं माझं दर्शन," म्हणाल्या आणि उतरायला लागल्या. लेण्यांपर्यंत कुणीच गेलं नाही. फोनवर मात्र हिरवी खूण उमटली आणि अक्षरं आली: छान! पहिलं ठिकाण पूर्ण झालं!

इम्राननं माझ्या हातातला फोन हळूच काढून घेतला.

त्यानंतर मिसळ होती. नाशिकला आलेल्या माणसाला मिसळ खाऊ घालणं हे आमच्या ॲपचं जणू कर्तव्यच होतं. जागा प्रसिद्ध, बाहेर नंबर लावून उभी असलेली माणसं, आतून तर्रीचा वास. शोभाताईंनी तेवढ्यात पिशवीतून डबा काढला. पहाटे उठून त्यांनी पुतण्याच्या स्वयंपाकघरात दशम्या केल्या होत्या, शेंगदाण्याची चटणी होती, कांदा होता. "चौघांचं आणलंय मी. बसायचं कुठं तेवढं सांगा."

बसायचं कुठं, हे आम्हाला माहीत नव्हतं. नाशिकमध्ये जन्म गेला आणि चार माणसांनी सावलीत बसून घरचा डबा खावा अशी एक जागा मला पटकन आठवेना. शेवटी गाडीतच खाल्लं, दारं उघडी टाकून, दशमीवर चटणी घेऊन. चव अजून जिभेवर आहे. खाताना फोन तीनदा वाजला. तुमच्या आवडीचं रेस्टॉरंट अगदी जवळ आहे!

दुपारी निफाडच्या बाजूला निघालो. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायचे आणि तिथंच मावळतीचं पाणी बघायचं, असा ॲपचा बेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, वर हिरवं छत, खाली वाकून घड काढणाऱ्या बाया. गाडीच्या काचा खाली होत्या आणि वाऱ्याबरोबर पिकल्या द्राक्षांचा गोड, किंचित आंबूस वास आत येत होता. शोभाताई गुणगुणत होत्या. मी मागे वळून पाण्याची बाटली पुढे केली.

"नको."

"घ्या ना मावशी, सकाळपासून प्यायला नाहीत तुम्ही."

प्रमिलाताई बाहेर बघत राहिल्या. चेहरा ओढल्यासारखा दिसत होता. थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटले आणि इम्रानला म्हणाल्या, "बाबा, गाडी जरा बाजूला घे. गरगरायलंय मला."

आम्ही दोन परक्या माणसांना आमच्या प्रयोगासाठी घेऊन फिरत होतो. आसपास दवाखाना नाही, दुकान नाही, नुसत्या बागा. इम्राननं पुढे एक घर दिसलं तिथं गाडी थांबवली. बागेला लागून विटांचं साधं घर, अंगणात क्रेट रचलेले आणि खाली कागद पसरून घड निवडत बसलेल्या चार बाया. त्यांच्यातली एक उठून पुढे आली. साधारण माझ्या मोठ्या बहिणीच्या वयाची, डोक्याला रुमाल बांधलेला, हात चिकट.

"काय झालं?"

"यांना चक्कर आलीये," मी म्हटलं. "थोडं बसू का?"

"विचारती काय? आन त्यांना आत." तिनं एका बाजूनं प्रमिलाताईंना धरलं. दोन पावलं टाकली आणि त्यांच्या कानाशी खाली वाकून, पण आम्हाला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, "आधी बाथरूमला जायचं का, ताई? मागं हाय. सपाट हाय, पायरी नाय."

प्रमिलाताईंनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. "जायचंय गं बाई. सकाळपासून जायचंय."

ती सुनंदाताई. तिची आमची ओळख ही अशी झाली.

पुढचे दोन तास आम्ही तिच्या बागेत काढले. वेलींच्या मांडवाखाली तिनं बाज टाकली, प्रमिलाताईंना आडवं केलं, तांब्याभर पाण्यात साखर-मीठ घालून आणलं. नर्सबाईंनी स्वतःच स्वतःची नाडी बघितली, घड्याळाकडे बघत मोजली आणि "काही नाही, पाणी कमी पडलं" असं निदानही केलं. मांडवातून उन्हाचे कवडसे त्यांच्या अंगावर हलत होते. डोक्यावर घड लोंबत होते. शोभाताई तोवर निवडणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसल्या होत्या आणि खराब मणी कात्रीनं कसा काढायचा ते शिकत होत्या.

प्रमिलाताईंना हुशारी वाटली तशा त्या उठून बसल्या आणि मला म्हणाल्या, "इकडं बस. वही आणलीस ना? लिही. मी सकाळपासून दोन घोट पाणी प्याले. का, ते विचार की."

"का?"

"कारण जायचं कुठं ते ठाऊक नव्हतं. एका ठिकाणी कुलूप होतं, दुसऱ्या ठिकाणी आत जाववेना. मी चाळीस वर्षं दवाखान्यात बायकांना सांगितलं, पाणी प्या, पाणी प्या. आणि घराबाहेर पडले की मीच पीत नाही. शोभाही पीत नाही. विचार तिला. आमच्या इथली एकही बाई प्रवासात पोटभर पाणी पीत नाही. तुझ्या फोनमध्ये डोंगर होता, धुकं होतं. हे कुठं होतं?"

त्या रागावल्या नव्हत्या. सकाळच्या राउंडला एखाद्या शिकाऊ मुलीला समजावून सांगावं, तशा बोलत होत्या. इम्रान तोवर जवळ येऊन उभा राहिला होता. तो मान खाली घालून ऐकत होता.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती मी त्यांना सांगितली. मीही सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. ठरवून नव्हे, सवयीनं. कुठं बाहेर जायचं असलं की मी पीत नाही, शाळेच्या सहलीपासून पीत नाही. डिझाइनच्या प्रत्येक बैठकीत मी वापरणाऱ्याचा विचार करा, वापरणाऱ्याचा विचार करा म्हणून सांगत आले होते. आणि ती तहान माझ्या स्वतःच्या घशात होती तरी मला दिसली नव्हती.

पक्षी राहून गेले. सूर्य बागेच्या मागेच मावळला. निघताना सुनंदाताईनं कागदात गुंडाळून घड दिले. गाडीत शोभाताई म्हणाल्या, "लई छान दिवस गेला बाई," आणि प्रमिलाताईंनीही मान हलवली. ॲपनं सांगितलेलं एकही ठिकाण आम्ही धड बघितलं नव्हतं.

त्यांना सोडल्यावर इम्रान आणि मी गाडीतच भांडलो. मी म्हटलं, "पहिला पडदा फेकायचा. पाच गोल फेकायचे."

"दहा दिवसांवर आलंय, मृणाल! पागल झालीस का तू? त्या पडद्यावरच तर लोक खूश होतात. हवं तर आत कुठंतरी स्वच्छतागृहांची यादी टाकू."

"आत कुठंतरी नाही. पहिला प्रश्नच चुकलाय. काय आवडतं असं नाही विचारायचं. सोबत कोण आहे, ते विचारायचं."

त्यानं स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग म्हणाला, "अम्मीला मागच्या वर्षी अजंठ्याला नेलं होतं. दिवसभर गाडीतच बसून होती. म्हणाली, मला बघायचंच नाहीये. मला वाटलं, खरंच बघायचं नसेल." एवढं बोलून त्यानं गाडी सुरू केली. भांडण तिथंच संपलं.

त्या दहा दिवसांत मी जितकं काम केलं, तितकं पुण्यातल्या चार वर्षांत केलं नसेल. आणि त्यातलं बहुतेक पायांनी केलं. हंगाम भरात होता, दुपारी ऊन चटके द्यायला लागलं होतं. आम्ही एकेका ठिकाणी जायचो आणि फक्त बघत राहायचो. पायऱ्या किती, कठडा आहे का, कठडा हाताच्या उंचीला येतो का. सावली कुठं आणि किती वाजेपर्यंत. बसायला बाक आहे की नुसता कट्टा. डबा उघडला तर कुणी उठवतं का. चांदवडला देवीच्या वाटेवर मी आईला घेऊन गेले आणि ती कुठं कुठं दम खायला थांबते ते लिहीत मागून चालले. "काय ग, माझी वरात काढतेस का?" असं ती म्हणाली खरी, पण दुसऱ्या रविवारी आपणहून विचारलं, आज कुठे मोजायचंय?

हरसूलच्या आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या एका बाईला मी विचारलं की बाहेरून आलेल्या बायकांनी इथं जायचं कुठं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं, टोपली शेजारणीला सांभाळायला सांगितली आणि मला हाताला धरून चालत नेऊन दाखवलं. परत आल्यावर म्हणाली, "लिवलं ना? लिव." बायकांना हा प्रश्न कधीच विचित्र वाटला नाही. पुरुष आधी गोंधळायचे, मग म्हणायचे, थांबा, घरात विचारून सांगतो.

जुन्या पडद्याची चित्रं कंपनीला आधीच पाठवलेली होती; त्यांच्या लोकांसमोर आम्ही नवा पडदा ठेवला. धुकं नाही, गोल नाही. पांढऱ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक ओळ: सोबत कोण आहे? खाली साधी उत्तरं. आई-वडील. लहान मूल. मैत्रिणी. मी एकटी. मी एकटा. गुडघे दुखणारं कुणी. प्रत्येक उत्तरानं पुढचा दिवस पायऱ्या, सावली, स्वच्छतागृहं धरून वेगळा आखला जायचा आणि निघण्याआधी एका बोटानं तो घरच्यांना पाठवता यायचा, गाडीच्या फोटोसकट.

समोरच्या तिघांपैकी एकानं पडदा पुढे-मागे केला. "आधीचं फार सुंदर होतं. आम्ही त्याच्यासाठीच आलो होतो. हे प्रवासाचं ॲप आहे की स्वच्छतागृहांचं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात इम्रान बोलला. इम्रान, जो बैठकीत कधी तोंड उघडत नाही. "सर, ज्यांना कुठेही जाता येतं त्यांच्यासाठी ॲप आहेत, भरपूर आहेत. आमचं ॲप ज्यांना गाडीत बसवून ठेवतात त्यांच्यासाठी आहे. पहिला प्रश्न बदलणार नाही."

त्यांनी कळवतो म्हटलं आणि नंतर नकार कळवला. मला वाईट वाटलं, पण हरल्यासारखं अजिबात वाटलं नाही. घरी येताना आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून उसाचा रस प्याला, दोन-दोन ग्लास. पुढची दोन वर्षं मी अर्धा दिवस बाहेरची कामं घेतली आणि अर्धा दिवस ॲपला दिला. इम्राननं दुकानाच्या माळ्यावर टेबल टाकलं. ॲप लहान आहे, लहानच राहिलं तरी चालेल. नागपूरची एक मुलगी आई-वडिलांना पाठवण्याआधी त्यांचा दिवस त्यावर आखते. नाशिकचे गाडीवाले आपापसात ते वापरतात आणि एखादा बाक मोडला, एखादं कुलूप लागलं की आम्हाला लगेच कळवतात. जुने पाच गोल माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून आहेत. कधीतरी उघडून बघते. छानच आहेत. पण त्यांच्यासाठी मला रडू येत नाही.

सिग्नलवर पानं उडाली त्याच आठवड्यात प्रमिलाताईंचा फोन आला. आवाज तसाच, राउंडवरचा. "आमच्या मंडळाच्या अकरा जणी येणार आहोत. दिवस तुझ्या ॲपवर मीच आखलाय. दुपारी सुनंदाकडे. तिला सांगितलंय मी. तू ये."

मी गेले. सुनंदाताईच्या अंगणात अकरा जणी, एकीच्या हातात काठी, दोघींच्या मानेला पट्टे, सगळ्या एकाच वेळी बोलणाऱ्या. कुणी मांडवाखाली आडव्या झालेल्या, कुणी कात्री मागून घेतलेल्या. प्रमिलाताईंनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंय. त्या मला चालून दाखवत होत्या, बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हात मागे बांधून.

सुनंदाताईची बाग ॲपवर घालायची, असं मी बरेच दिवस तिच्या मागे लागले होते. ती टाळायची. आमच्याकडं काय बघायचंय, हे तिचं ठरलेलं उत्तर. त्या दुपारी अकरा बायकांची लगबग बघत ती ओट्यावर बसली होती. आपणहून म्हणाली, "बरं, टाक. काय लिवलंय ते वाच आधी."

मी मजकूर आधीच तयार ठेवला होता. वाचून दाखवला. हिरव्यागार द्राक्षवेलींच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात विसावलेलं एक रमणीय ठिकाण.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "ही कुणाची बाग म्हणायची?"

"तुमचीच की."

"माझी नाय ही. पूस ते. मी सांगती तसं लिव." तिनं पदरानं हात पुसले, समोर बघितलं आणि एकेक शब्द सुटा सुटा सांगायला लागली. "इथं बघायसारखं लय काय नाय. द्राक्षं हायेत, मार्चपर्यंत. बाथरूम मागं हाय, सपाट हाय, पाणी चोवीस तास. बाज हाय, पडायचं असलं तर पडा. डबा आणला तरी चालंल, नाय आणला तरी भाकर मिळंल. कुत्रं भुंकतंय पर चावत नाय. कवाबी या. फोन करून या."

मी तिच्याच शब्दांत टाइप केलं. हाय-नाय काहीही बदललं नाही. मग फोन तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, ओठ हलवत सावकाश वाचला, शेवटच्या ओळीवर थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हां," ती म्हणाली. "आता ही माझी बाग."